लेडीज चाकांची रेसर

"हात दाखव आधी. सायकल कुठं पळून चालली न्हाई. हात दाखव."

"हाताला काय झालंय? चाक आऊट झालंय, तेवढं काढ म्हनतोय मी."

"चाकाचं कळतंय रं मला. तू वळनावर आलास तवाच दिसलं, पुढचं चाक दारुड्यावानी चाललंय. बोटांत मुंग्या येत्यात का न्हाई, खरं सांग."

"येत्यात थोड्या."

"थोड्या म्हंजी?"

"म्हंजी पेला धरला तर धरलाय का न्हाई ते डोळ्यानं बघावं लागतं."

गोरक्षनाथ पाखऱ्यानं जॉर्ज भिंगारदिव्याचा पंजा आपल्या ग्रीसनं काळ्या झालेल्या हातात धरला आणि बैलाचा खूर तपासावा तसा उलटा-सुलटा करून पाहिला. खडीनं तळव्याचं सालटं काढलं होतं. मग हात सोडून दिला आणि म्हणाला, "चाक निघंल सरळ. पर तू पुन्यांदा पडशील."

तिसगावच्या स्टँडामागं लिंबाच्या झाडाखाली गोरखचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, पाण्याचं घमेलं, हवेची टाकी आणि झाडाच्या फांदीला टांगलेल्या जुन्या टायरी. एके काळी इथं भाड्याच्या सायकलींची रांग उभी असायची आणि पोरं रविवारी सकाळपासून ताटकळायची. आता गावात ज्याच्या त्याच्या खाली मोटारसायकल आहे आणि गोरखच्या घमेल्यात जास्त करून त्यांच्याच ट्यूबा बुडतात. "मी सायकलवाला हाय, पर पोट फटफटीवर हाय," असं तो कुणालाही सांगतो, आणि सांगताना डावा डोळा मिटतो. चाकाची आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना एक डोळा मिटून बघावं लागतं, त्याची त्याला इतकी खोड लागली की बोलतानाही तो डोळा आपोआप मिटतो. नवखी बाईमाणसं त्यामुळं बिचकतात. भीमाबाई, त्याची बायको, प्रत्येकीला वेगळं समजावून थकली.

गोरखचा बाप हेडी होता. घोडेगावच्या बाजारात बैलांच्या व्यवहारात मधे पडायचा. पोरानंही त्याच धंद्यात यावं म्हणून लहानपणी त्याला बरोबर न्यायचा आणि शिकवायचा, "गिऱ्हाईक तोंड बघतं, आपन पाय बघायचं. पाय गेला की जनावर गेलं." गोरख पाय बघायला शिकला, पण धंदा काही जमला नाही. त्याला खोटं बोलता यायचं, पण बोलताना हसू आवरायचं नाही. दोन-चार सौदे त्याच्या हसण्यानं मोडले तेव्हा बापानं स्वतःच त्याला सायकलीच्या दुकानात बसवून दिलं.

तरुणपणी त्याला आणि जॉर्जला एकच वेड होतं. पाडव्याच्या पुढच्या रविवारी सायकलींची शर्यत व्हायची, तिसगावातून करंजी घाटाच्या माथ्यापर्यंत आणि परत. कानिफनाथ वस्ताद म्हणून एक मूळचे पैलवान होते, ते पोरं तयार करायचे. शर्यतीत पहिला यायचा जॉर्ज आणि दुसरा यायचा गोरख. मधल्या एका वर्षी गोरखला गोवर झाला तेव्हा दुसरा कोणीतरी भलताच आला, तेवढाच काय तो फरक. पहिल्याला फेटा मिळायचा, दुसऱ्याला नारळ. भीमाबाई लग्न होऊन आली तेव्हा घरात नारळ चिक्कार होते आणि फेटा एकही नव्हता. ती अजून म्हणते, "आमच्या ह्यांनी जार्जभावजींची पाठ जेवढी बघितली, तेवढं माझं तोंड न्हाई बघितलं."

पुढं जॉर्ज मिशनच्या शाळेत ड्रिलचा मास्तर झाला आणि रिटायरही झाला. पण रेसर त्यानं सोडली नाही. निळा रंग उडालेला, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल, अंगठ्याएवढी बारीक टायरं, पुढं ताटाएवढी दात्यांची चकती आणि मागं बांगडीएवढ्या चकत्या. सपाटीला ही सायकल वाऱ्यासारखी पळायची आणि चढाला माणसाच्या मांड्या मागायची. तरुणपणी मांड्या होत्या, म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

आता त्या रेसरवरून जॉर्ज रोज दुपारी एकाच ठिकाणी जायचा. पाझर तलावाच्या पलीकडं, कच्च्या रस्त्याचा एक खडकाळ चढ चढून गेलं की त्याच्या थोरल्या बहिणीची वस्ती लागते. सत्यशीला अक्का. जन्मभर दवाखान्यात दाईचं काम केलेली बाई, अर्ध्या तालुक्याला तिनंच जगात ओढून आणलं असं ती सांगते. साखरेनं तिचे डोळे खाल्ले, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. मुलगा पुण्यात, सून दिवसभर रानात. जॉर्ज जाऊन तिला पेपर वाचून दाखवायचा. आधी बायबल काढायचा तर अक्का म्हणायची, "स्तोत्रं मला पाठ हायेत. कांद्याचा भाव पाठ न्हाई, त्यो वाच. त्याच्या आधी कोन गेलं ते वाच." निधनाच्या बातम्या ऐकताना तिची तब्येत सुधारायची.

तर ह्या चढाच्या खाली, खडीवर, जॉर्ज पडला होता. बारीक टायर खडीत रुतलं, हात बधिर होते म्हणून ब्रेक कळला नाही. त्याचा मुलगा जॉय शुगर फॅक्टरीत आहे. तो घरी आला, बापाचा तळवा बघितला आणि म्हणाला, "पप्पा, पुरं झालं. ती सायकल भिंतीला टांगा. अक्काकडं मी नेत जाईन तुम्हाला." पण जॉयची पाळी कधी रात्रीची, कधी दिवसाची. सुट्टी मिळंल तेव्हा तो बापाला मोटारसायकलवर मागं बसवून नेणार, म्हणजे आठवड्यातून एकदा, तेही खात्री नाही. अक्काला रोजची सवय. जॉर्ज म्हणाला होता, "मला गॅसच्या टाकीवानी मागं बांधून न्यायचं का?" तेव्हा जॉयनं अट घातली, आणखी एकदा पडलात की सायकल माझ्या ताब्यात.

हे सगळं जॉर्जनं गोरखला सांगितलं नव्हतं. तिसगावात सांगावं लागत नाही.

"पुन्यांदा न्हाई पडणार मी," जॉर्ज म्हणाला.

"पडशील. ह्या टायरीत हवा न्हाई, दगूड हाय. खडीवर दगूड कसा टिकंल? जाड टायर घालू. ह्या फ्रेमीत ते मावायचं न्हाई, म्हनून चाकंच बारकी घालू. लेडीज सायकलची."

"कशाची?"

"लेडीज."

जॉर्जनं रेसर आपल्याकडं ओढून घेतली.

"आन मागं भाकरीएवढी चकती टाकू, पुढं पुरीएवढी," गोरख म्हणाला. "चढ बसून चढशील. गुडघ्याला कळनार बी न्हाई."

"म्होरं टोपली बी लाव मग. आन साडी अडकू नये म्हनून मागं जाळी लाव."

"जाळी हाय एक, लागली तर काढतो."

"ह्याच सायकलवर घाट चढलोय मी, गोरख."

"चढला हुतास. तवा गुडघं नवं हुतं."

जॉर्जनं त्या दिवशी फक्त आऊट काढून घेतली आणि सायकल हातात धरून, पाठ ताठ करून निघून गेला. गोरखनं त्याला हाक मारली नाही. टपरीच्या माळ्यावर चढला आणि स्वतःची जुनी रेसर खाली काढली. ती लग्नानंतर काही वर्षांनी वर गेली होती. कोळ्यांनी तिच्यावर चांगला संसार मांडला होता.

भीमाबाई डबा घेऊन आली तेव्हा तो एका बारक्या चाकाच्या तारा ओढत बसला होता. "आता म्हातारपनी कुनाशी लावताय शर्यत?" तिनं विचारलं.

"कुनाशी न्हाई. बघतो जमतंय का."

"बघा. गुडघं गेलं तर मला दाबाया लावू नका."

चार-पाच दिवसांनी दुपारी जॉर्ज चढाच्या पायथ्याशी पोचला. वर्षभरापासून तो हा चढ उतरूनच चढायचा, सायकल हातात धरून, कुणी बघत नाही ना ते बघून. निम्म्यावर गेला असंल तेव्हा मागून साखळीचा बारीक आवाज आला. गोरख येत होता. बसून. पाय भराभरा फिरत होते, शिवणाच्या मशिनीवर बसलेल्या माणसासारखे, आणि सायकल मात्र म्हशीच्या चालीनं पुढं सरकत होती. जाड टायरं खडीवरून कुरकुर करत गेली. जॉर्जशेजारी आला तेव्हा गोरखनं मान वळवली नाही. बोलायला दमच नव्हता. पण उतरला नाही.

वस्तीवर अक्का बाजेवर बसली होती.

"सलाम अक्का."

"कोन, गोरख? आन जार्ज कुठाय?"

"मागं हाय."

"काय म्हन्लास?"

"मागं हाय म्हन्लं. येतोय."

अक्का हसायला लागली ती पदर तोंडात कोंबूनसुद्धा थांबेना. "आरं, पुन्यांदा सांग. जार्ज कुठाय?"

"मागं."

जॉर्ज आला तो घामानं निथळत. पाणी प्यायला, पेपर उघडला, निधन वाचलं, कांदा वाचला. निघताना मात्र त्यानं गोरखच्या सायकलीभोवती एक चक्कर मारली. टायर बुटाच्या टोकानं ढोसलं. ते दबलं.

"बसलंय तुझं टायर."

"असू दे."

"तुझी हवा कायमच ढिली. म्हनून दुसरा यायचास."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरख टपरीचं दार उघडायला आला तर जॉर्ज रेसर घेऊन लिंबाखाली उभा. "कर," म्हणाला. "पर लेडीज-लेडीज म्हनून गावभर करू नको."

कामाला बरेच दिवस गेले, कारण सायकल काही सोडायला तयार नव्हती. पायडलाच्या दांडीत जी पाचर असते, कॉटर पिन, ती इतक्या वर्षांनी लोखंडात लोखंड होऊन बसलेली. गोरख रोज तिला रॉकेल पाजायचा आणि हातोडीचा हलका टोला द्यायचा. जॉर्ज म्हणाला, जोरात मार की. गोरख म्हणाला, "जोरात मारून वाकली की दोघं बी बसू रडत. तिला तिच्या मनानं येऊ दे." एका सकाळी ती आली. मग पुढची ताटाएवढी चकती उतरली. तिच्या जागी भंगारातल्या एका पोरांच्या गिअरच्या सायकलीची लहान चकती बसली, मागच्या चकत्यांत त्याच सायकलीची एक मोठी. साखळीला जादा कड्या लागल्या. जॉर्ज स्टुलावर बसून पाने हातात देत होता. चुकीचा पाना दिला की गोरख तो न बोलता परत त्याच्या मांडीवर ठेवायचा.

चाकं बारकी झाल्यावर ब्रेकची पंचाईत झाली. ब्रेकचं रबर रिमेपर्यंत पोचेना, वरच टायरला घासायला लागलं. ब्रेक खाली आणायचा तर मधे लोखंडाची पट्टी पाहिजे. गोरखनं फळीवरचा एक गंजका डबा काढला. बापाचा. आत बैलाच्या खुराला मारतात त्या पत्र्या होत्या, पातळ, चिवट, भोकं पाडलेल्या. त्यातल्या दोन एकावर एक ठेवून त्यानं कानशीनं घासायला घेतल्या.

"बैलाची पत्री माझ्या रेसरला?"

"बैल कुठं तक्रार करतो? बस गप."

संध्याकाळी भीमाबाई येऊन उभी राहिली, बराच वेळ बघत. जॉर्ज चहा सांगायला गेला तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "एवढी नीट करून देताय. आता पुन्यांदा जातील की तुमच्या म्होरं."

"जाऊ दे," गोरख म्हणाला. "त्याची पाठ माझ्या वळखीची हाय."

सायकल तयार झाली. दिसायला जरा बसकी झाली, उंच माणसानं लुंगी वर खोचावी तशी. जॉर्ज तिच्यावर बसला, स्टँडाला एक फेरी मारली आणि तसाच घरी गेला. गोरखला वाटलं, मिटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जॉर्जनं ती परत आणून टपरीला टेकवली.

"घे. टांग तुझ्या माळ्यावर."

"काय झालं?"

"चढ चढलो. बसून चढलो, खोटं न्हाई बोलत. पर हात तसंच. घरनं निघून तलावापर्यंत गेलो की ही बोटं मेलीच. उतारावर ब्रेक दाबलाय का न्हाई ते कळंना, पाय घासत थांबवली. आज पडलो न्हाई ती येशूची कृपा. जाड टायरं, लहान चाकं, काय उपेग न्हाई. जॉय म्हनतो तेच खरं." तो स्टुलावर बसला. "अक्काला सांगून आलो. म्हन्लं, आता रोज याचा न्हाई."

"मग काय म्हन्ली?"

"काय न्हाई. म्हन्ली, पेपर घडी घालून ठेव आन जा."

गोरख उठला. सायकलीजवळ गेला, हँडल हलवून बघितलं, त्याच्या मुठी बघितल्या, चाक उचलून फिरवलं. आऊट नव्हतं. मग टायरवर अंगठा ठेवला आणि तिथंच थांबला.

"हवा कुनी भरली?"

"मीच. तू ढिली सोडली हुतीस."

"आरं, ही हवा हाय का काय हाय? ह्यात आन जुन्या टायरीत फरक काय राह्यला? धक्का सगळा तुझ्या हातात चाललाय."

"वस्ताद काय सांगायचं? अंगठा दबला की शर्यत गेली."

हे खरं होतं. कानिफनाथ वस्ताद शर्यतीच्या सकाळी एकेकाचं चाक दाबून बघायचे आणि दबलं की त्या पोराच्या कानशिलात वाजवायचे. आपल्या इकडच्या सगळ्या जुन्या रेसरवाल्यांच्या अंगात ती सवय मुरलेली आहे, उठलं की पंप आणि दगडावानी हवा. गोरखनं न विचारता ट्यूबच्या वॉल्वचं टोपण फिरवलं आणि वॉल्वचं तोंड दाबलं. फुस्स करून हवा सुटली.

जॉर्जनं त्याचं मनगट धरलं. "काय करतो?"

"सोड."

"आरं, रोज सकाळी किती वेळ भरतोय मी."

"किती वेळ?"

जॉर्जनं मनगट सोडलं आणि दुसरीकडं बघत म्हणाला, "कळतच न्हाई रं मला. अंगठा ठेवतो, दबतंय का न्हाई समजत न्हाई. म्हनून आनखी भरतो. आनखी मारतो पंप. कमी राह्यली आन पडलो तर जॉय सायकल नेतोय."

गोरखनं दोन्ही चाकांची हवा सोडली, मग टाकीची नळी लावून थोडी परत भरली.

"अंगठा राहू दे," तो म्हणाला. "बस वर. बस म्हन्तो ना. मी धरतो. आता खाली बघ. टायरीचं पोट बघ."

जॉर्जनं वाकून बघितलं.

"दिसतंय का, जमिनीला टेकलंय तिथं जरा सुटलंय?"

"सुटलंय."

"तेवढं सुटलं पायजे. तुझं-माझं सुटलंय तेवढं. जादा न्हाई. भीमीच्या भावाएवढं तर अजिबात न्हाई. रोज निघताना भिंतीला धरून बसायचं आन बघायचं. डोळं तर हायेत ना अजून?"

"हायेत."

"मग झालं."

"वस्तादांनी कानफटात दिली असती."

"वस्तादांना अक्काला पेपर वाचून दाखवायचा न्हवता."

जॉर्ज खाली उतरला नाही. तसाच बसून त्यानं हँडल नीट धरलं, पुन्हा एकदा टायरच्या पोटाकडं बघितलं. "अक्काचा पेपर अर्धाच झालाय," म्हणाला. "कांदा राह्यलाय."

"मग जा की. मला काय सांगतो? शेवटच्या चढाला आधीच मोठ्या चकतीवर घे, ऐनवेळी खडखड करू नको."

तो गेला. रस्त्याच्या वळणापर्यंत गोरखनं बघितलं. पाठ ताठच होती, पण खडी आली तिथं खांदे उडाले नाहीत. तेवढ्यात एक दूधवाला कॅन लावलेली मोटारसायकल ढकलत आला आणि म्हणाला, "गोरखमामा, लवकर बघा, दूध नासंल." गोरख मागचं चाक खोलायला बसला. खोलता खोलता दोनदा मोबाईल काढून बघितला. दूधवाला म्हणाला, "कुनाचा फोन यायचाय का?" गोरख म्हणाला, "न्हाई, टाईम बघितला," आणि हसला.

ट्यूब घमेल्यात बुडवली तेव्हा फोन वाजला. ओल्या हातानं त्यानं तो कानाला लावला.

"पोचलो," जॉर्ज म्हणाला.

"हात?"

"हायेत."

"नीट सांग."

"डाव्याच्या दोन बोटांत हायेत मुंग्या. बाकीची जागी हायेत. उतारावर ब्रेक दाबला तो कळला."

"त्या दोन बोटांचं दवाखान्यात दाखव. माझ्याकडं बोटाचा पाना न्हाई."

मागून अक्काचा आवाज आला, "त्येला म्हनावं, फोन ठेव. मढं राह्यलंय वाचायचं एक."

"ऐकलंस का?" जॉर्ज म्हणाला. "म्हनती, घडी पुन्यांदा मोड. ठेवतो. उद्या जाताना तिकडनं जातो, टायर बघ एकदा."

"तूच बघ. मी कशाला बघू?" गोरख म्हणाला, पण फोन तोवर बंद झाला होता.

"काय झालं, मामा?" दूधवाल्यानं विचारलं.

"काय न्हाई. कांदा वाचायचा राह्यला हुता."

दूधवाल्याला काही कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही. गोरखनं मोबाईल खिशात टाकला, ट्यूब पुन्हा पाण्यात दाबली आणि हळूहळू फिरवत बुडबुडा शोधायला लागला.